पुढची जागा

सोमवार, ४ एप्रिल

आजही तेच. चहा देऊ? — "असू दे." खिडकी लावू? — "असू दे." पक्षाघाताच्या झटक्यानंतर माझ्या नवऱ्याच्या अख्ख्या बोलण्यातून एवढंच शिल्लक राहिलंय. त्याला पुन्हा बोलायला शिकवायला येणाऱ्या बाई म्हणतात, असं होतं, एखादं बोलणं जिभेवर अडकून बसतं. त्याला कळतं सगळं. शब्द तेवढे हाती लागत नाहीत.

आणि हा माणूस भाजीबाजारात लिलाव पुकारायचा! असा पुकारायचा की लोक नको असलेला कोबी पोतंभर घेऊन घरी जायचे. घरी आल्यावरही तोंडाचा पट्टा चालूच. जेवताना, झोपताना, मी पेपर वाचत असताना.

आता घरात नळाचं ठिबकणं ऐकू येतं.

बुधवार, ६ एप्रिल

दुकानात चष्म्याच्या काचा घासताना लागोपाठ दोन फुटल्या. मालकाने तुकडे स्वतःच गोळा केले. रागावला असता तर बरं झालं असतं. हल्ली सगळेच माझ्याशी जपून वागतात.

घरी आले तर हा मागच्या शेडमध्ये. दर सुट्टीला आम्ही दोघं जी घेऊन ओढ्यात उतरायचो, त्या होडीवरची ताडपत्री एका हाताने ओढून काढलेली. डावा हात होडीवर, उजवा नुसता लोंबतोय. माझ्याकडे पाहून म्हणाला, "असू दे."

कळलं मला. पाण्यावर जायचंय त्याला.

शुक्रवार, ८ एप्रिल

लेकीचा फोन. "आई, वेड लागलंय का तुला? बाबांना चमचा धड धरता येत नाही आणि तू त्यांना ओढ्यात घेऊन चाललीस?"

खोटं काय बोलली ती? मी म्हटलं, "इतक्या दिवसांत त्याने पहिल्यांदा काही मागितलंय गं." ती रडायला लागली. मग मीही. फोन कोणी ठेवला आठवत नाही.

मासा येणार आहे सोबत. मासा म्हणजे याचा जुना मित्र, नळदुरुस्तीवाला. आठवडाभर हात पाण्यात, सुट्टीच्या दिवशी सगळं अंगच पाण्यात, म्हणून मासा. तो स्वतःच्या छोट्या होडीतून पुढे राहणार. म्हणाला, "वहिनी, वरचा टप्पा सोडून देऊ. खालचं पाणी उसळतं, पण अंगावर येत नाही. फक्त परवाच्या वादळात झाडं पडलीत, तेवढं बघावं लागेल."

रविवार, १० एप्रिल

केस अजून वाळले नाहीत, तरी लिहिते.

इतकी वर्षं होडीत पुढे मी, मागे तो. होडी वळवायची ती मागच्याने. त्यामुळे पाण्यावर मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. पाठीमागून नुसता आवाज यायचा — डावीकडे घे, मार, मार, आता थांब! त्या आवाजाच्या भरवशावर मी कुठल्याही खडकावर डोळे मिटून गेले असते.

आज तो पुढे, मी मागे. त्याच्या जॅकेटचे पट्टे मीच आवळले होते. मान किती बारीक झालीय त्याची. डाव्या हातात आखूड वल्हं, उजवा मांडीवर.

पहिला उतार आला. मी ओरडले, "डावीकडे!" माझा आवाज पाण्याने गिळून टाकला. पण त्याला ऐकायची गरजच नव्हती. होडी कलली तसा तो कलला, नेमका हवा तेवढा. दुसऱ्या उताराला पाणी त्याच्या तोंडावर उडालं आणि तो हसला. मला पाठमोराच दिसत होता, पण खांदे हसत होते. मी मागे बसून ढसाढसा रडत होते आणि वल्हवत होते.

मग वळण. मासा वळून दिसेनासा झाला होता. याने वल्हं उंच धरलं. मला वाटलं, आनंदाने! तो डावीकडे दाखवत होता. लांबून माशाची शिट्टी आली, तोवर झाड समोर.

पडलेल्या झाडाच्या फांद्यांतून पाणी आरपार जातं, माणूस जात नाही. लहान पोरालाही शिकवतात हे. होडी आडवी होऊन खोडाला टेकली तर खोडाकडेच झुकायचं, हेही शिकवतात. तो झुकला, खोडाला मिठी मारली. मी घाबरून उलट बाजूला झुकले. होडी पालथी झाली.

खाली सगळं हिरवं. खांदा फांदीत अडकलेला. वर उजेड दिसत होता, तोंड तिथवर पोचत नव्हतं. मग कोणीतरी जॅकेटची कॉलर धरली आणि नाक पाण्याबाहेर आलं. तो खोडावर पालथा पडून मला धरून होता. वर ओढायची ताकद नव्हती, पण सोडलं नाही. काठावरून मासा धावत आला, फांदी मोडली, मला बाहेर काढलं. खोडावर याचं तोंड उघडंच होतं, आवाज मात्र नव्हता.

काठावर मी याला मिठी मारली. "धरलंस रे मला," म्हटलं. तो "असू दे"सुद्धा म्हणाला नाही.

सोमवार, ११ एप्रिल

अंग ठणकतंय. लेकीला सांगितलेलं नाही.

कोणाला खरं वाटणार नाही, पण आज दुकानात मी गुणगुणत होते. माझा माणूस आहे अजून! एका हाताने का होईना, आहे.

तो मात्र जेवला नाही.

गुरुवार, १४ एप्रिल

माशाला पुढच्या रविवारचं विचारून ठेवलं. नवा दोर आणला. याला दाखवला तर भिंतीकडे तोंड करून निजला. थकला असेल.

शनिवार, १६ एप्रिल

शेड रिकामी. होडी माशाकडे. "वहिनी, त्यानेच मनगट धरून मला शेडमध्ये नेलं. गाडीवर चढवेपर्यंत सोडलं नाही."

मी घरभर आदळआपट केली. "तेवढंच उरलं होतं ना आपल्याला! का दिलीस?"

याच्या कपाळावर घाम आला. ओठ नुसते हलत राहिले. मग एकेक शब्द बाहेर आला. "तू... पाण्यात. मी... हाक... हाक नाही."