सावलीकडे कलणारी लाँच

नागपूर, मंगळवार, मे १९७६

चार दिवस लिहायचं टाळलं. तलावावर मी चालवतो ती लाँच निघताना डावीकडे कलते. उद्या मालक बघायला येणार होता. त्याच्यासमोर कलली तर लाँच भंगारात आणि मी पुन्हा रस्त्यावर. लाँचच्या मागे पाण्यात तोल साधायला दोन लोखंडी पट्ट्या असतात, त्यातली डावी मी वर केली, तर जास्तच कलली.

“काहून उचलून राहिला गा? खाली कर, पाणीच ती बाजू वर ढकलते,” लक्ष्मण मिस्त्री हसला.

खाली केली. जाताना सरळ, येताना उजवीकडे पार झुकली! मग दिसलं, सगळे प्रवासी सावलीच्या बाजूला बसतात आणि लाँच वळली की सावली बाजू बदलते. पट्ट्या बिचाऱ्या काय करणार? दोन्हीकडे ताडपत्री बांधायला घेतली. एकच बाजू झाली आणि मालक आजच आला, बायकापोरांसकट. सगळे ताडपत्रीखाली जाऊन बसलेत.