फोटोतल्या सासूचा आखाड

विष्णुपुरी, नांदेड

तीर्थरूप अक्कास,
संगम्याचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आणि दाजींची साखर दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालतो. मी प्रकृतीने बरा आहे. मनाने बरा नाही, आणि त्याचं कारण सांगायला हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर मी रागावलो की तू हसतेस.

आम्ही व्हिएतनामहून परत आलो. 'आम्ही' हे उदगीरपर्यंतच खरं आहे. घरी मी एकटा आलो.

(सेहेचाळिसाव्या वर्षी हनिमूनला परदेशी जावं का, हा प्रश्न मी डायरीत बरेच दिवस घोळवला होता. सुकन्याने तो एका वाक्यात निकालात काढला. बेचाळिसाव्या वर्षापर्यंत उदगीरच्या मोंढ्यातल्या अडत्यांचे हिशेब केले, आता समुद्र बघायचाय, म्हणाली. मग प्रश्न उरला नाही.)

परतीच्या विमानात आम्हाला वेगवेगळ्या रांगांत बसवलं. तिच्या शेजारच्या गृहस्थांना मी अत्यंत अदबीने जागा बदलता का विचारलं. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि डोळे मिटून घेतले. नवविवाहित दिसण्याचं एक वय असतं आणि ते माझं गेलेलं आहे, हे मला कळतं. पण डोळे मिटायची गरज होती का? असो. हैदराबादला उतरल्यावर कस्टमपाशी ज्यांच्याजवळ सांगण्यासारखा माल असेल त्यांनी एका वाटेने आणि बाकीच्यांनी दुसऱ्या वाटेने जायचं असतं. आमच्याजवळ कॉफीचे डबे होते. सुकन्या म्हणाली, याला कोण विचारतंय, आणि सरळ बाहेर गेली. मी मात्र थांबलो. आपल्या मनाशी आपण खोटं का बोलावं? साहेबाने डबे बघितले, मग मला बघितलं, आणि हे सांगायला थांबलात का, असं इतक्या दुःखी आवाजात विचारलं की मीच त्याची माफी मागितली. यात बराच वेळ गेला. या वेळेने माझा घात केला, हे पुढे येईल.

माझा बेत साधा होता. रात्रीच्या गाडीने दोघांनी गुपचूप नांदेडला यायचं आणि सकाळी आपल्या घरी आपल्या हाताने चहा करायचा. अक्का, या एका चहासाठी मी परदेशात सुद्धा आतुर होतो, हे तुला म्हणून सांगतो. पण बाहेर येतो तर सुकन्याचा भाऊ मल्लेश गाडी घेऊन हजर, आणि सोबत त्यांची नीलम्मा आत्या, हातात हार. मी अर्ध्या पँटवर होतो. अर्ध्या पँटवर हार घालून घेताना माणूस कसा दिसतो, हे विमानतळावरच्या सर्वांना आता माहीत आहे. आत्याने माझ्या गुडघ्यांकडे बघत विचारलं, "जावईबापू, पँट तकडंच इसरली का?"

रेल्वेची तिकिटं खिशात राहिली आणि आम्ही गाडीत. मल्लेशशेजारी मला पुढे बसवलं, मागे आत्या आणि सुकन्या. म्हणजे विमानासारखंच. बिदर मागे टाकून उदगीरला पोचलो, हातपाय धुतले, जेवलो. निघू म्हटलं, तर आत्याने फर्मान काढलं की अमावस्या दुपारीच संपली, आखाड लागला. नवी नवरी पहिल्या आखाडात सासरी राहत नसते, सासूचं तोंड बघत नसते. पोरगी महिनाभर इथंच. आणि वर मलाच ऐकवलं, की तुम्ही डबे दाखवत बसला नसता तर आखाड लागायच्या आत निघून तरी गेला असता.

मी वाद घातला. शांतपणे, मुद्द्यांनी. एक म्हणजे आम्ही दोघं चाळिशीच्या पुढचे. दोन म्हणजे लग्न रजिस्टर, दोन सह्या आणि पेढे, तेव्हा एकही रीत कुणाला आठवली नाही. आणि तीन म्हणजे (हा माझा हुकमी मुद्दा) सासूच नाही. आई जाऊन कैक वर्षं झाली. यावर आत्याने विचारलं, भिंतीला फोटू हाय का? अक्का, मी नाही म्हणू शकलो असतो. पण आईच्या बाबतीत खोटं? म्हटलं, आहे, बैठकीत, दारासमोरच.

"मग? फोटूत काय पाठ दिसती व्हय? तोंडच दिसतंय की."

मल्लेशने फोटो महिनाभर उलटा टांगायची सूचना केली. तर आत्या त्याच्यावर उखडली, सासूला भिंतीकडं तोंड करून उभी करतो व्हय रे, ती काय शाळंतली पोरगी हाय? आता सांग, यावर सुशिक्षित माणसाने काय उत्तर द्यावं? मी सुकन्याकडे बघितलं. जी बाई टॅक्सच्या साहेबांना कलमं ऐकवते, ती काही बोलेल म्हणून. ती बॅग उचलून आत गेली. अक्का, मला सगळ्यात लागलं ते हे. मला सोडून राहायला तिला काहीच वाटलं नाही का? माझ्याबरोबरचे ते दिवस तिला कंटाळवाणे झाले का? मी फार बोललो का? (संग्रहालयात बोललो. तेवढं मान्य.) मुखेडच्या एसटीत मी हाच विचार करत बसलो. मांडीवर आत्याने दिलेल्या दशम्या होत्या आणि त्या मी रागाने सगळ्या खाल्ल्या.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
संगमेश्वर

ता. क. : खरं काम असं. तू इथे येऊन आईचा फोटो महिनाभर निलंग्याला घेऊन जा. तू थोरली, तुझा हक्क आहे, कुणी काही म्हणणार नाही. फोटो गेला की आत्याचा मुद्दा संपला. मी स्वतः स्टुलावर चढून बघितलं, पण आईने असं बघितलं की फोटो पुसून खाली उतरलो.

ता. क. २ : पाकीट बंद करणार तेवढ्यात सुकन्याचा फोन आला. अक्का, आता तू फोटोला हात लावू नकोस. आखाडाची आठवण आत्याला तिनेच करून दिली होती, मी आत डबे दाखवत होतो तेव्हा. मी का म्हणून विचारलं, जरा चढ्या आवाजात. ती म्हणाली, "अहो, घरातल्या धाकट्या पोरी एकेक करून आखाडाला आल्या, सगळ्यांच्या गुळाच्या कापण्या मीच तळल्या. माझ्यासाठी कुणी तळील असं वाटलंच नव्हतं. आज आत्या तळायली. एक महिना मला नवी नवरी होऊ द्या की."

चहाचं मी तिला बोललो नाही.

तर अक्का, श्रावण लागला की तिला आणायला सासरचं बाईमाणूस जावं लागतं, नुसता नवरा चालत नाही, असंही तिने बजावलंय. आईच्या जागी तूच. लुगडं कोणतं न्यायचं, ओटीत काय घालायचं, मला यातलं काही कळत नाही, तू सांगशील तसं. वरचा मजकूर मी खोडत नाही, संताप लिहिताना खराच होता. फक्त तो आता कुणावर धरायचा, तेवढं आलीस की सांग.