सौ.ला झोप नाही

४ डिसें. १९३२, रवि. पोलादपूर
सौ.ला आजही झोप नाही. बाळंतीण झाल्यापासून हेच. चिमी दोन महिन्यांची झाली. पोर गुणी, दूध पिते नि झोपते. ही मात्र पाळण्याशी टक्क जागी. डोळे खोल गेलेत. सकाळी आधण ठेवले आणि तांदूळ वैरायलाच विसरली. आईने तांदूळ वैरले, मी मात्र बोललो. बोलायला नको होते.

६ डिसें., मंगळ
सांगायला जावे तर जो तो वैद्य. शाळेत हेडमास्तर म्हणाले, घरातला चहा बंद करा. स्वतः मात्र मुले कविता घोकत असताना दोनदा मागवतात. शेजारच्या काकूंनी काशाची वाटी दिली. तूप लावून हिचे तळपाय मीच घासले, वाटी काळी होईपर्यंत. काही उपयोग नाही. सुईण पारू दारातूनच म्हणाली, "मास्तर, बाहेरचा हाय ह्या. नारळ उतरून टाका." टाकला तोही. आता काय राहिले?

९ डिसें., शुक्र
वरंधचे वैद्य येऊन गेले. वात वाढलाय म्हणे. दुधात जायफळ, पिंपळमूळ, खसखशीची खीर. हिने दूध अर्धे टाकले ते मी प्यालो आणि असा घोरलो की शाळेला उशीर! हे.मा.ची बोलणी खाल्ली. हिचे ये रे माझ्या मागल्या.

१२ डिसें., सोम
रजा काढून सर्व्हिस मोटारीने महाडास. डॉ.नी नाडी, जीभ पाहिली. विचारले, कसली काळजी आहे का? मी म्हटले छे, घरी सगळे ठीक. हिने मान खाली घातली. येताना मोटारीत चिमी मांडीवर आणि ही चक्क पेंगली! एवढे हादरे, धूळ, तरी. घराशी उतरलो, ओट्यावर आई उभी होती. झाले, पुन्हा टक्क जागी.

१३ डिसें., मंगळ
आज परसात बोलली. मीच खनपटीला बसलो तेव्हा.
"बंडूला सासूबाईंनी गोळी दिली होती. मी पाहिलं. माझा डोळा लागला तर हिलाही देतील."
बंडू आमचा पहिला. गेल्या वर्षी गणपतीत घर माणसांनी भरलेले, ही चुलीपाशी, तो किरकिर करीत होता. झोपला तो उठलाच नाही. आम्ही म्हटले आकडी. गावानेही तेच म्हटले. अफूची बाळगोळी इकडे कोणत्या घरात नाही? बायका पोराला ती देऊन शेतावर जातात. आम्ही चौघे भाऊ तिच्यावरच वाढलो, आई अभिमानाने सांगते. वर्षभर ही हे पोटात ठेवून वावरते आहे आणि मी तळपाय घासतोय.
चिमीच्या तोंडी गोळी जाणार नाही, असे हिला वचन दिले. आईला स्पष्ट सांगितले. आई ढसाढसा रडली. "मी मारलं का रे त्याला?" नाही म्हटले. दुसरे काय म्हणणार? जेवले कोणी नाही.

१७ डिसें., शनि
आईने आपणहून गोळ्यांची डबी माझ्या हाती दिली. हिने ते पाहिले. तरी झोप नाही. "कळतं हो, पण डोळा मिटला की दचकायला होतं." आज चुलीशी चिमी हातातून सुटता सुटता राहिली. असे किती दिवस? एक दिवस दोघीही...
आई म्हणाली, तिलाच दे थोडी. मोठं माणूस आहे, तिला काय होतंय.

१८ डिसें., रवि
दिली. खिरीत घालून, दोन गोळ्या. विचारले असते तर घेतली नसती. वचन चिमीचे होते, हिचे नव्हते. जेवण होताच झोपली, अगदी गाढ. ही निजलेली असतानाच आईने चिमीला दोनतीनदा अंगावर लावले. "लेकरूसुद्धा कसं शांत आहे बघ." ओसरीवर निबंध तपासले. किती दिवसांनी बरे वाटले. देवा, सुटलो एकदाचा.

१९ डिसें., सोम
चिमी उठत नाही. अंगावर पीत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या.
सौ. धडपडत उठली. "गोळी दिली?" म्हटले, तुझ्या गळ्याची शपथ, चिमीला नाही. तेव्हा आई माझ्याकडे बघत होती. मग उमजले. दूध.
बाळंतिणीने खाल्ले ते लेकराला पोचते, हे का मला ठाऊक नव्हते? दोन महिने हिला वांगे दिले नाही, हरभऱ्याची डाळ दिली नाही. चिमीचे पोट दुखेल म्हणून. आणि अफू दिली.
सकाळच्या मोटारीबरोबर डॉ.ना निरोप धाडलाय. चिमीचा श्वास चालू आहे, मध्ये मध्ये थांबतो. ही तिच्या तळपायाला टिचक्या मारते आहे. मारली की पोर जरा हलते. दर थोड्या वेळाने छातीशी धरते, घे गो बाय, घे म्हणते. धरू नको, हे मला अजून तिला सांगता आलेले नाही. आता उठून सांगतो.
आईला तिने घराबाहेर काढले. आई थंडीत ओट्यावर बसून आहे. खिरीत गोळ्या मी घातल्या, हे तिने हिला सांगितले नाही.
डॉ. आले की पहिले विचारतील, काय दिले होते. परतीच्या मोटारीचा अजून पत्ता नाही.