वर तरंगलेले दाणे

१३ जानेवारी २०२५

प्लास्टिकच! नातू मोहसीननं मोबाईलवर दाखवलं, तांदूळ पाण्यात टाकला की खोटे दाणे वर येतात. आपल्या रेशनच्या तांदळाचे आले. रेशनवाला म्हणतो, "ताकद घातलीया त्यात." ताकद म्हणे! नात मेहक बाळंतपणाला माहेरी आली आहे. उद्यापासून तांदूळ मीच निवडणार.

१९ जानेवारी

सव्वा तास लागतो. तरंगलेले काढायचे, बुडालेल्यांतले पिवळट हातानं वेचायचे. सगळे कोंबड्यांना. बायको खैरुनबी म्हणते, "डोळं फुटतील." फुटू देत.

मोहसीन स्वतः मात्र जिमच्या डब्यातली पावडर दुधात घोटून पितो. डब्यावर लोह, जीवनसत्त्वं, काय काय लिहिलेलं. विचारलं तर म्हणतो, "त्यो ब्रँड हाय, दादा." डब्यातली ताकद खरी, पोत्यातली खोटी! मला तर दोन्ही थोतांड वाटतं.

२६ जानेवारी

मेहक हसते. "जयसिंगपूरला सासूबाई तसाच शिजवत्यात की." शिजवतील. सुनेला काहीही घालणारी माणसं. तिचा नवरा उमर मस्कतहून फोनवर शहाणपण शिकवतो, "हिथं ब्रेडच्या पिठातच लोह घालत्यात, कोण इचारत बी न्हाय." न विचारता खाणारे खाऊ देत.

मेहकच्या सासूचा निरोप आला, बाळंतपण जयसिंगपूरलाच करू. मी सुनावलं, पहिलं बाळंतपण माहेरीच होतं आमच्यात. आम्ही निवडून खाऊ घालतो.

८ फेब्रुवारी

मेहक जिन्यातच बसली. डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणाली. हात गार. एवढं निवडूनही असं कसं? सासरीच काहीतरी अंगावर काढलं असणार.

११ फेब्रुवारी

गल्लीतली आशा सेविका मोना मेहकचा रिपोर्ट घेऊन आली. सासरहून आली तेव्हा रक्त दहा होतं, आता आठ. मी निवडलेल्या तांदळाचं ताट पुढं केलं, म्हटलं, बघ, एक खोटा दाणा सापडणार नाही.

ती म्हणाली, "आजोबा, लोह त्याच दाण्यांत असतंय. तांदळाच्याच पिठाचं करत्यात ते, हलकं म्हणून तरंगत्यात."

मग माझं तोंड बघून म्हणाली, "नुसत्या तांदळानं एवढं उतरत न्हाय. लोहाच्या गोळ्या बी उलटून पडत्यात तिच्या." हे तिनं माझ्यासाठी म्हटलं. सोमवारपासून इंजेक्शनं.

कोंबड्या दारात येऊन उभ्या होत्या. हाकलल्या.

१२ फेब्रुवारी

जयसिंगपूरला फोन केला. मेहकच्या सासूला म्हटलं, पोरीला न्यायला या. बाळंतपण तिकडंच करा. "का वो, काय झालं?" म्हणाल्या. म्हटलं, तांदूळ तसाच शिजवा.