बोगद्यासाठी दिलेला नारळ

बाबा, तुझ्या बोगद्यातून मी जाऊन आले. दिवसा गेले, तू म्हणायचास तसंच, दोन्ही बाजूंचे डोंगर उजेडात दिसत असताना. तुला जाऊन सोळा वर्षं झाली. ज्या प्रवासाला तू स्वतः नेणार म्हणून आम्हाला दुसऱ्या कुणाबरोबर जाऊ दिलं नाहीस, तो प्रवास मी शेवटी एकटीनेच केला. ऑफिसमधल्या मैत्रिणींना मी तुला अरे-तुरे करते याचं नवल वाटतं. त्यांच्याकडे वडिलांना अहो-जाहो करतात. मी त्यांना सांगते की आमच्या बोनकोडे गावात बापाला तूच म्हणतात, त्यात अपमान काही नाही. आज लिहिताना मात्र तो ‘तू’ मला बरा वाटतोय, कारण आज मला तुझ्याशी अदबीने बोलायचं नाही.

मी आता करंजाड्याला राहते. पनवेल स्टेशन जवळ, म्हणून तिथूनच सकाळी गोव्याकडे जाणाऱ्या गाडीत काचेच्या छताच्या डब्याचं आरक्षण केलं. दोन खुर्च्या घेतल्या होत्या, एक माझी आणि खिडकीची आईची. आदल्या दिवशी बोनकोड्याला तिला आणायला गेले तर ती दारातच नारळ घेऊन उभी. नारळाला कुंकू लावलेलं, शेंडी ठेवलेली, खाली तुझं जुनं पंच्याचं फडकं. मी म्हटलं, चल, साडी तरी बदल. ती म्हणाली, “मी नाय येत. तो न्याला येल तवाच जाईन, आसा मी त्याला बोललेली हाय.” मेलेल्या माणसाला दिलेला शब्द ती पाळते, आणि जिवंतपणी दिलेला तू पाळला नाहीस. हे मी तिला बोलून दाखवलं नाही, पण तोंडावर आलं होतं.

तू त्या लाईनवर गेलास तेव्हा मी आठ वर्षांची होते. आपल्या खाडीच्या कडेच्या शेतांवर तोवर इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि तुझ्या हातांना काम उरलं नव्हतं. तुला माती कळायची. उधाणाने बांध फुटला की गावातली माणसं आधी तुला हाक मारायची. तू चिखलाचा गोळा मुठीत दाबायचास, बोटं उघडून बघायचास आणि सांगायचास की ही माती धरेल, ही वाहून जाईल. मग हातोहात ढेकळं यायची, तू कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून ती बसवायचास, आणि भगदाड बुजलं की त्यात एक नारळ सोडायचास. कोकणाकडे नवी रेल्वे होत होती, एका बोगद्यात दगडाऐवजी मऊ माती लागली होती, आणि कुणीतरी कंत्राटदाराच्या माणसाला तुझ्याबद्दल सांगितलं. पंधरा दिवसांसाठी म्हणून गेलास तो सहा वर्षं तिकडेच राहिलास.

तू घरी यायचास तो गणपतीला आणि शिमग्याला. येताना कोकमं आणायचास, आणि एकदा मला तुझं पिवळं हेल्मेट आणलंस. मी ते घालून गल्लीभर फिरले होते. पुढे आईने त्यात कपड्यांचे चिमटे ठेवायला सुरुवात केली. जेवताना तू बोगद्याचं इतकं वर्णन करायचास की आम्हाला ते पाठ झालं होतं. आधी एक लहानसं स्टेशन, दोनच रूळ असलेलं. मग डावीकडे वळण, जांभ्या दगडाची लाल कापणी, म्हणजे रुळांसाठी उभा कापलेला डोंगर, आणि समोर बोगद्याचं तोंड. बाहेर पडलं की लगेच पूल आणि खोल खाली नदी. “लाईन चालू झाली का तुमाला नेईन,” तू म्हणायचास, “पन राती नाय. राती काय दिसनार? दिसाचा जाऊ.”

आठवीत शाळेची सहल गोव्याला निघाली होती, रात्रीच्या गाडीने. लाईन नुकतीच सुरू झाली होती आणि तू काम संपवून घरी आला होतास. मी फॉर्म भरून तुझ्यासमोर ठेवला. तू तो वाचलासुद्धा नाहीस. तुझा बोगदा आणि पोरगी त्यातनं झोपून जाणार, असं काहीतरी बोललास आणि फॉर्म परत द्यायला लावलास. मी रडले तेव्हा, एवढीशी कळ काढता येत नाही का, म्हणून ओरडलास. बाईंनी वर्गात कारण विचारलं. मी सांगितलं की माझे वडील आम्हाला दिवसा नेणार आहेत, तो बोगदा त्यांनी बांधलाय. वर्षभर मुली मला विचारत होत्या की तुझी दिवसाची गाडी आली का. नंतर त्या विचारायच्या थांबल्या, तेव्हा मला जास्त लागलं.

त्याच्या आदल्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं, ते तुला नीट माहीतही नसेल. तिच्या पोटात इतकं दुखत होतं की ती वाशीच्या दवाखान्यात बाकावर बसू शकत नव्हती, भिंतीला टेकून उभी होती. घरचं मोठं माणूस सहीला हवं म्हणाले. आईने मला पुढे केलं. मी शाळेच्या गणवेशात होते. माझी सही चालली नाही. काका कामावरून संध्याकाळी आला, त्याने सही केली, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. तुला दोन वेळा निरोप पाठवला होता. तू आठ दिवसांनी आलास, आणि आल्याआल्या आईला सांगू लागलास की आता आपला बोगदा पलीकडून उजेड दिसण्याइतका आरपार झाला. आई पलंगावर पडून हसली. ती हसली म्हणून मी तिच्यावरही चिडले होते.

हे सगळं मी तुला माफ केलं असतं, जर तू नेलं असतंस. घरी आल्यावर तुझ्या हातात बारा वर्षं होती. रोज दिवसाच्या गाड्या धावत होत्या. सोसायटीच्या गेटवर तुला नोकरी होती, सुट्ट्या होत्या. दरवर्षी आई पिशव्या धुऊन ठेवायची आणि दरवर्षी तू म्हणायचास, या दिवाळीत नाही, पुढच्या. मी कमावती झाले, तिकिटं काढून आणली, तर तू ती माझ्या हातात परत दिलीस आणि खाडीवर जाऊन बसलास.

नारळ हातात देताना आईने मला तू का नेलं नाहीस त्याचं कारण सांगितलं. तुझी लाईन संपायच्या आदल्या पावसाळ्यातली गोष्ट. तू माती मुठीत दाबलीस, बोटं उघडून बघितलीस आणि म्हणालास की धरेल. तुझ्या शब्दावर माणसं आत गेली. पण ती खाडीची माती नव्हती, डोंगराची होती. ती दुपारी खचली. बाकीचे निघाले, एक जण आत राहिला. तुझ्याच खोलीत राहणारा, कर्नाटकाकडचा. तू हे आईला एकदाच सांगितलंस आणि कुणाला बोलू नको म्हणालास. “तिथे नारल नाय सोरला,” आई म्हणाली, “भगदार बुजला तवा कोनाला सुदीच नव्ती. यो त्याचे बोगद्यान सोर. तेचा नि त्या मानसाचा.”

त्या रात्री मी तुझी बाजू घ्यायचा खरोखर प्रयत्न केला, बाबा. ती घटना आईच्या ऑपरेशनच्या आठवड्यात नेऊन बसवून पाहिली, म्हणजे तू का आला नाहीस ते तरी कळलं असतं. नाही बसली. ती चार महिन्यांनंतरची. आईला भिंतीला टेकून उभं राहावं लागलं तेव्हा तुझं तिकडे काहीच बिघडलं नव्हतं. तू फक्त आला नाहीस. आणि पुढच्या बारा वर्षांचं कारण तुझ्याकडे होतं तर ते आम्हाला सांगायचं होतं. आम्हाला तू बाप म्हणून हवा होतास, बोगदा बांधणारा म्हणून नाही. बोगद्याची फुशारकी जेवताना ताटाताटावर वाढलीस आणि जे खरं होतं ते एकट्या आईच्या पदरात बांधून गेलास.

गाडीत आईच्या खिडकीच्या खुर्चीवर मी नारळ ठेवला. तिकीट तपासनिसाने विचारलं, इथे कोण, तर मी म्हटलं, आई येणार होती. त्याने नारळाकडे पाहिलं आणि पुढे गेला. खुर्च्या गोल फिरतात, लोक त्या फिरवून फिरवून मोबाईलवर शूटिंग करत होते. नवरात्र जवळ आलं होतं. भातं पिवळी पडायला लागली होती, डोंगर मात्र अजून हिरवे होते. एका पुलावरून खाली बघितलं तर नदीकाठी धुणं धुणाऱ्या बायका मुंग्यांएवढ्या दिसत होत्या. सुंदर होतं. हे तुला सांगताना मला राग येतो, पण खोटं कशाला लिहू, फार सुंदर होतं. तू म्हणायचास त्याहून जास्त. प्रत्येक वळणावर मला वाटत होतं की हे आईने बघायला हवं होतं, चाळीस वर्षांची असताना, गुडघे धड असताना, तुझ्या शेजारी बसून.

रत्नागिरी मागे गेल्यावर मी डब्यातल्या चहा देणाऱ्या माणसाला विचारलं की खिडकी कशी उघडायची. तो हसला. “मॅडम, एसी डबा आहे. ही काच उघडत नाय.” आईच्या डोक्यातली गाडी अजून गजांच्या खिडकीची होती, आणि खरं म्हणजे माझ्याही. खाडीत नारळ सोडणाऱ्या माणसांना, वारा आत न येऊ देणारी गाडी असेल हे सुचत नाही. मी फडक्यात गुंडाळलेला नारळ मांडीवर घेतला. मग ते लहान स्टेशन आलं, दोनच रुळांचं. डावीकडे वळण, लाल कापणी, आणि तोंड, शेवाळलेलं. वरचं छप्पर काळं झालं. लहान मुलांनी बोगद्यात ओरडतात तसा ओरडा केला, मोठीही ओरडली. मी मनात आकडे मोजत होते. सत्तरपर्यंत पोचले आणि उजेड आला, पूल आला. गाडी तेव्हा हळू होती, नाहीतर इतकेही आकडे झाले नसते. तुझी सहा वर्षं सत्तर आकड्यांत संपली. माझी शाळा, आईचं दुखणं, त्या परक्या माणसाचा जीव, सगळं त्यातच. मुलांचा ओरडा पलीकडे गेल्यावरही थांबला नव्हता.

परत आल्यावर आईला सांगितलं की खिडकी उघडत नव्हती. तिने विचारलं, सगळीच काच होती का. मी हो म्हटलं. मग उजेड भरपूर आला असेल, असं म्हणून तिने नारळ माझ्या हातातून घेतला, फडक्यातून सोडवला आणि देव्हाऱ्यात ठेवला. मी रविवारी जाते तेव्हा ती तो कानाशी धरून हलवते. “पानी हाय अजून,” म्हणते. “परत जाशील तवा ने. दार असल ना गारीला?” पुन्हा एकदा ती त्याच गाडीची वाट बघत बसली आहे, आणि या वेळी तिला बसवणारी मी आहे.

हा कागद मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवणार आहे. घरी ठेवला तर कधीतरी तिच्या हाती लागेल, आणि तिला वाचता येतं. कारण एक गोष्ट राहिली. त्या लहान स्टेशनात गाडी थांबली होती, बाबा. समोरून दुसरी गाडी यायची होती. तो चहावाला स्वतः येऊन म्हणाला की क्रॉसिंग आहे, पंधरा मिनिटं तरी लागतील, पाय मोकळे करायचे तर उतरा. दार उघडलं, लोक उतरले, फोटो काढू लागले. वळणावरची लाल कापणी फलाटाच्या टोकावरून हाकेच्या अंतरावर होती, तिच्याखाली गवत होतं, नारळ ठेवायला कुणी अडवलं नसतं. मी तुझं ते फडकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि खुर्चीत बसून राहिले. गाडी सुटेपर्यंत उठले नाही. आईला मी खिडकीचं सांगितलं, दाराचं सांगितलेलं नाही.