ओठावरचे ठिपके

मंगळवार, दिवेलागणीला

आज आमची नात प्राजू दवाखान्यातनं आली, स्वतःच्या पायानं जिना चढून. मी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला.

तिच्या ओठांवर, पापण्यांवर लहानपणापासून बारके काळे ठिपके. देवानंच तीट लावून धाडलीय, म्हणून मी मिरवायची. पण बघायला पावणं यायचं ठरलं आणि मीच तिला ठिपके घालवायला राजारामपुरीत कातडीच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. बाईंनी मलम दिलंच न्हाय. भिंगातनं ओठ बघितले आणि विचारलं, "जिना चढताना दम लागतो का गं?" लागायचा की! आम्ही म्हणायचो, पोरगी आळशी हाय.

बाईंनी काळजाची सोनोग्राफी करायला लावली. आत लिंबाएवढी गाठ! ऑपरेशन करून काढली म्हणून पोरगी हाताला लागली. ठिपके ओठावर, गाठ काळजात. बाईला कळलं तरी कसं?

असले ठिपके आणि काळजातली गाठ एकाच दुखण्याची, आणि ते दुखणं रक्तातनं येतं म्हणे, घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यायचं. प्राजूनं मला आरशापुढं उभं केलं. "आजे, ओठ उलटा कर बघू." आत एक ठिपका! सत्तर वर्षांत मी कधी बघितलाच न्हवता.

"उद्या तुझा नंबर," म्हणाली.

जाते की. नवं लुगडं नेसूनच जाते.