विधवेला हसणारी माणसं

१९ जानेवारी १९८५, गोथेनबर्ग

लोक हसले. भर वाचनालयात, माझ्या तोंडावर हसले!

दरवेळचाच रिवाज होता. एक उतारा मी स्पॅनिशमध्ये वाचायचा, मग तोच गुनवोरनं स्वीडिशमध्ये. गुनवोर माझी अनुवादक. निवृत्त शिक्षिका, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. मी वाचत होतो तेव्हा सगळे चिडीचूप, शोकसभाच जणू. मी सुखावलो. प्रसंगही तसाच होता, जाहीर वाचनात प्रथमच घेतलेला – माझ्या ‘नदीकाठची विधवा’ या कादंबरीत ओफेलिया नवऱ्याच्या शवपेटीशी मूर्च्छा येऊन पडते तो. इथल्या पहिल्या हिवाळ्यात लिहिला होता तो मी, स्वयंपाकघरात, ओव्हरकोट घालून, स्वतः रडत रडत.

मग गुनवोरनं वाचायला घेतलं. पुढच्या रांगेतली लोकरी टोपीवाली बाई फिस्सकन हसली. मागे कुणीतरी खो-खो. शवपेटी उचलायला आलेली माणसं आधी ओफेलियालाच उचलतात – तिथे तर टाळ्या!

मी मान लववून टाळ्या स्वीकारल्या. दुसरं काय करणार?

२० जानेवारी

ग्लॅडिसला सांगितलं. “थंडीमुळे हसतात रे ती माणसं,” बायको म्हणाली आणि घाईघाईनं कांदा चिरायला बसली. आज जेवणात कांद्याचं काहीच नव्हतं.

२३ जानेवारी

खिमेनाला गाठलं. पोरगी इथे आली तेव्हा पहिली-दुसरीत होती. आता विद्यापीठात जाते आणि माझं स्वीडिश ऐकून कानावर हात ठेवते.

“तुझं पुस्तक ना बाबा? शाळेत वाचलं होतं मी. जाम मजेशीर आहे.”

“माझं पुस्तक मजेशीर नाही!”

“तेच तर!”

मी वर्तमानपत्रांतली परीक्षणं तिच्यापुढे टाकली. प्रत्येकात एक शब्द हटकून आहे – ‘रूलिग’. कोशात त्याचा अर्थ शांत, धीरगंभीर. या एका शब्दावर मी इतकी वर्षं छाती फुगवून फिरतोय. मासळीबाजारात कोणी ओळखलं तर मुद्दाम धीरगंभीर चेहरा करून मासे घेतो.

खिमेनानं कोश उलटा केला. मुखपृष्ठ पाहिलं. तोंडावर हात ठेवला.

“बाबा... हा नॉर्वेजियन कोश आहे.”

तोच शब्द. तिकडे ‘शांत’. इकडे ‘विनोदी’!

जुन्या बाजारातून स्वस्तात मिळाला म्हणून मीच आणला होता. म्हणजे मायदेशात लष्करानं ज्याची पुस्तकं जाळली, तो उरुग्वेचा धीरगंभीर लेखक एव्हारिस्तो बोन्फिल्यो या देशात विदूषक आहे. आणि हे अख्ख्या देशाला ठाऊक आहे – मला सोडून.

२६ जानेवारी

भांडायला गुनवोरकडे गेलो. वाटेत ट्राममध्ये वाक्यं घोकली. दारातच ओरडलो, “काय केलंत तुम्ही माझ्या पुस्तकाचं?”

“बूट काढा,” ती म्हणाली.

मोज्याला भोक. तिथेच माझा अर्धा आवेश संपला. तिनं कॉफी ठेवली, वेलचीचे बन ठेवले, दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेली.

“एव्हारिस्तो, मी एक स्वल्पविरामसुद्धा हलवलेला नाही. तुमची ओफेलिया एकाच प्रकरणात चारदा मूर्च्छित पडते. आणि पडायच्या आधी दरवेळी मागे खुर्ची आहे ना, ते बघून घेते.”

“ते तिच्या खानदानीपणाचं लक्षण आहे!”

“हो ना!” चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. “मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.”

रागाच्या भरात बन खाल्ले. माझे आणि तिचेही.

२ फेब्रुवारी

आता एकच गोष्ट विचारायची उरली होती. आठवडाभर धीर होईना.

माझी सगळी हस्तलिखितं ग्लॅडिस टाइप करते. दाराच्या काचेतून मला तिची पाठ दिसते. खांदे गदगदत असतात. मी आपला पाय न वाजवता मागे फिरतो – तिच्या दुःखात व्यत्यय नको! मुलाखतीतसुद्धा सांगितलंय मी, ‘माझी पहिली वाचक रडल्याशिवाय पुढच्या पानावर जात नाही.’

आज विचारलं. “हसत होतीस?”

“पोट दुखेपर्यंत.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“मला रडवलंस म्हणून तू इतका खूश असायचास रे!”

१७ फेब्रुवारी

ठीक आहे. विदूषक तर विदूषक! मुद्दाम विनोदी कादंबरी लिहायला घेतली. नगराध्यक्षाची बकरी हरवते. पहिलं प्रकरण गुनवोरला दिलं.

२० फेब्रुवारी

गुनवोरचा फोन. “फारच दुःखद आहे हो.”

१४ मार्च

नेस्तोर सुटला!

माझा धाकटा भाऊ. मी पळालो, तो राहिला. त्याला पकडलं, तेव्हा खिमेनाचे दुधाचे दात पडत होते. नव्या सरकारनं तुरुंगाची दारं उघडली. आमच्या गावाहून, पायसांदूहून, आईचा फोन. ती नुसती रडत होती. मग तिनं रिसीव्हर त्याच्या हातात दिला. इतकी वर्षं या क्षणासाठी मनात वाक्यं रचून ठेवली होती, आणि मी काय बोललो? “तिकडे हवा कशी आहे?”

तो म्हणाला, “बरी आहे.”

भाषाप्रभू!

४ मे

नेस्तोर आला. इथले डॉक्टर त्याचे डोळे तपासणार आहेत. विमानतळावर मी भलत्याच माणसाला मिठी मारली. खरा नेस्तोर मागे उभा होता – बारीक, टक्कल पडलेला, तुरुंगातल्या सवयीनं हात पाठीशी धरलेला.

७ मे

बंद दारापुढे तो नुसता उभा राहतो, कोणी उघडेपर्यंत. खिमेना पहाटे उठून घरातली सगळी दारं सताड उघडून ठेवते. ‘हो’, ‘नको’, ‘आभारी आहे’ – बस. आमचा कडू पाल्याचा चहा, ‘माते’, केला तर पेल्यातली नळी तोंडात धरून बसून राहतो, ओढत नाही.

मी खूप बोलतो त्याच्याशी. हवामानाबद्दल.

१२ मे, रविवार

ग्लॅडिस म्हणाली, “त्याला काहीतरी वाचून दाखव. तुझा आवाज तरी ओळखीचा आहे त्याच्या. काहीही वाच, फक्त तुरुंगाचं नको.”

मी अर्थातच तुरुंगाचंच काढलं.

ते प्रकरण मी कोणाला दाखवलेलं नाही. नेस्तोर आत होता तेव्हा थोडं थोडं लिहिलेलं – मला जमेल तशी त्याला सोबत. दुपारी स्वयंपाकघरात चौघं बसलो. मी घसा साफ केला आणि सुरू केलं, “हे अंधारा, माझ्या बंधूच्या पोलादी सोबत्या!”

नेस्तोर टेबलाकडे बघत होता. पुढे कैद्याच्या खिडकीत बुलबुल येतो. कैदी त्याला स्वातंत्र्याचा अर्थ समजावून सांगतो. दीड पान.

नेस्तोरचे खांदे गदगदायला लागले.

ग्लॅडिसनं टेबलाखाली माझ्या नडगीवर लाथ मारली. मी थांबलो. वाटलं, झालं – लष्कराला जमलं नाही ते मी केलं, त्याला मोडलं.

“वाच ना,” तो म्हणाला. “तो पक्षी अजून गेला नाही का?”

हसत होता! डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, हात पोटावर.

“लंबू, तिथे पक्षी नव्हता रे! असता तर आम्ही खाल्ला असता!”

लहानपणापासून तो मला लंबू म्हणतो. आल्यापासून पहिल्यांदाच म्हणाला. मग खिमेना सुटली, ग्लॅडिस सुटली. ग्लॅडिस हसताना समोरून कशी दिसते, हे मी आज पाहिलं. सुंदर दिसते.

“पुन्हा,” नेस्तोर म्हणाला. “पक्ष्यापासून.”

मी पुन्हा वाचलं. आणखी गंभीर आवाजात, एक हात छातीवर ठेवून. काय करतोय ते आयुष्यात पहिल्यांदा कळत असताना!

१६ मे

रोज दुपारी विधवा. ओफेलिया खुर्ची चाचपते तेव्हा तो टेबलावर मूठ आपटतो. “ही तर आपली तेरेसा मावशी! लोकांच्या मयतीला स्वतःची उशी घेऊन जायची!” मी म्हटलं, ओफेलिया हे अखिल मानवजातीच्या दुःखाचं प्रतीक आहे. त्याला ठसका लागला.

काल दोनदा वाढून घेतलं त्यानं. गुनवोर बन घेऊन आली होती. आमच्यात बसून ऐकलं, आणि त्या चेहऱ्यावरची रेघ हलली! मी साक्षीदार आहे.

१९ मे

सकाळी नेस्तोरनं पेला बाजूला सारला. “आता मी सांगतो,” म्हणाला. “तू लिहायचं नाहीस.”

संध्याकाळपर्यंत तो बोलत होता. कोणी हसलं नाही.

मी लिहिलं नाही. इथेही लिहीत नाही.